सोडून गेलेल्या बाईंचा नंबर

मामा टेबलापलीकडे, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा बेतानं बसले होते. 'हसत राहा' हे ते दर दोन मिनिटांनी ओठांचे कोपरे बोटांनी ओढून सांगत होते. पडद्यावर परदेशातल्या एका मोठ्या भाषाशाळेच्या संचालिका होत्या. त्यांच्यामागे काचेची भिंत, काचेमागे कुंड्यांची रांग, आणि त्या सगळ्या हिरवळीत एकही पिवळं पान नाही. मास्तरीणबाईला त्या न पिकणाऱ्या पानांचा मघापासून संशय येत होता. 'मास्तरीणबाई' हे नाव भाचीला मामांनीच चेष्टेनं ठेवलेलं. आता ते घरादाराचं झालं होतं.

नऊ वर्षं तिनं शिंप्याच्या दुकानावरच्या शिकवणीवर्गात इंग्रजी शिकवलं होतं. खालच्या यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवता चढवता तिचा गळा कायमचा घोगरा झाला होता. परदेशी जाऊन शिकवायचं, हे तिचं जुनं वेड. आणि मामांच्या ओळखीनं हे नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा त्या भरात तिनं वर्ग सोडत असल्याचं कळवूनही टाकलं. वर्गचालकानं दुसऱ्याच दिवशी तिच्या जागी आपली भाची आणून बसवली. मागचं दार बंद झालं होतं, आणि पुढच्या दाराची कडी पडद्यावरच्या बाईंच्या हातात होती.

चौकशीसाठी म्हणून शाळेनं तीन शिक्षिकांचे नंबर दिले होते. तिघींनीही शाळेचं तोंडभरून कौतुक केलं. मग तिनं प्रत्येकीला विचारलं, तिथं किती दिवस झाले? एकीला दोन महिने, एकीला तीन, तिसरीला पाच आठवडे. त्या शाळेत दुसरा वसंत पाहिलेलं कुणी नव्हतंच. पुसलेल्या अक्षरांचीसुद्धा पूड फळ्याखालच्या फळीवर साठून राहते; इथं ती फळीही कुणीतरी धुऊन ठेवली होती.

म्हणून तिनं संचालिकाबाईंना विचारलं की, माझ्या जागेवर याआधी कोण शिकवत होतं, आणि त्यांच्याशी दोन शब्द बोलता येतील का?

मामांची बोटं ओठांच्या कोपऱ्यांवर तशीच राहिली.

संचालिका गोड बोलल्या. आमची शाळा म्हणजे एक कुटुंब, सोडून गेलेल्यांची चर्चा आम्ही करत नाही, म्हणाल्या. तिनं मग करारातल्या नवव्या कलमावर बोट ठेवलं. पासपोर्ट आणि मूळ प्रमाणपत्रं शाळेच्या कार्यालयात सुरक्षित राहतील, असं ते कलम सांगत होतं. ते काढून टाकावं, ती म्हणाली. तशी आमची पद्धतच आहे, असं उत्तर आलं, आणि त्यामागोमाग, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत, "या जागेसाठी आमच्याकडे चाळीस अर्ज आहेत."

"आता एकोणचाळीस," ती म्हणाली, आणि तिनं लॅपटॉप मिटला.

मामांचा पारा चढला. चार लोकांत आपण शब्द टाकला त्याची तिनं माती केली, असं ते खोलीभर फिरत बोलले. लक्ष्मी कुंकू लावायला आली तर ही म्हणे थांब, कपाळ धुऊन येते. नोकरी गेली, आता बस घरात प्रश्न विचारत.

"मामा, पासपोर्ट दिला म्हणजे परतीची वाट दिली," ती म्हणाली. "पाय दुसऱ्याच्या कपाटात ठेवून मी चालू कुठं?"

मटार सोलत बसलेल्या आईनं मान वर केली नाही. "दादा, जुनी स्कूटर घेताना तू आधीच्या मालकाला शोधत आठ दिवस फिरलास. पोरीला मात्र डोळे मिटून पाठवायची?"

स्कूटरची गोष्ट वेगळी, मामा म्हणाले. आणि त्यांनी पुन्हा खोलीत फेऱ्या घालायला सुरुवात केली.

बोलावणं आलेल्या परदेशी शाळांच्या यादीत आणखी एक होती. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, तिरका आलेला फोटो, मोजून अकरा बाकं. तिला मामांनी आधीच 'खुराडं' म्हणून निकालात काढलं होतं. मास्तरीणबाईनं तिथल्या मुख्याध्यापकांना तोच प्रश्न लिहून पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. त्यात एक नाव होतं, खाली एक नंबर, आणखी काही नाही.

त्या बाईंनी फोनवर अर्धा तास तक्रारींचा पाढा वाचला. शिक्षकांच्या राहायच्या खोलीची भिंत ओल धरते. मुख्याध्यापक एकच वाक्य तीनदा सांगतात. शनिवारच्या वर्गातलं एक कार्टं चावतं. पगाराचं विचारलं, तर तो ठरल्या तारखेला. कामाचा परवाना आपण घरून निघण्याआधीच हातात. आणि पासपोर्ट?

"माझ्या कपाटात. किल्ली माझ्याकडे."

तिथं त्या चार वर्षं होत्या. मग सोडलं का?

"भांडून. वरच्या वर्गाला कुठलं पुस्तक लावायचं त्यावरून. तोंडावर वाट्टेल ते बोलले मी त्यांना." मग त्यांनीच विचारलं, "आणि त्यांनी तुम्हाला माझाच नंबर दिला?"

"तुमचाच."

पलीकडून हसू आलं, थोडं खजील, थोडं मायेचं. आणि त्या हसण्यात मास्तरीणबाईचा निर्णय होऊन गेला.

मामांनी हिशेब मांडला. पगार कमी, भिंत ओली, आणि जामीन कोण, तर भांडून गेलेली बाई.

"गोड बोलणाऱ्या तिघी ऐकल्या, मामा. मला ही कडूच बरी."

ती लगेच मेल लिहायला बसली. पहिल्या ओळीत येत असल्याचं कळवलं. दुसऱ्या ओळीत, ओल धरणाऱ्या खोलीत आपण राहणार नाही, दुसरी पाहावी किंवा हीच कोरडी करून द्यावी, असं लिहिलं. मामा खांद्यावरून वाचत होते.

"अगं, आधी पोच तरी तिथं. मग माग काय मागायचंय ते."

तिचा हात थांबला. दोन्ही ओळी तिनं पुन्हा वाचल्या. क्रम चुकला होता खरा. तिनं खोलीची ओळ उचलून वर नेली, होकार तिच्याखाली ठेवला, आणि मेल पाठवून दिला.