कानाची पाळी

नाटक कंपनीत त्यांना सगळे ‘कुजबुजे’ म्हणत. नव्या नटांना ते आडनावच वाटे, आणि एखाद्याने आदराने ‘कुजबुजेसाहेब’ अशी हाक मारली की जुनी मंडळी तोंडाला रुमाल लावत. विंगेतल्या स्टुलावर बसून विसराळू नटांना वाक्यं पुरवायची, हे त्यांचं काम. तेही ओठ न हलवता, पहिल्या रांगेला पत्ता लागू न देता. माणूस कामात चोख होता. पंचाईत एवढीच, की घरी येताना तो ते काम बरोबर घेऊन यायचा.

घरात कुणी बोलताना जरा श्वास घेतला, की पुढचं वाक्य कुजबुज्यांकडून हजर. “लग्नाला होकार देताना मी क्षणभर विचारात पडले होते,” त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, “तर ते ‘हो’सुद्धा हेच म्हणाले!” लेक तर याच घरात लहानाची मोठी झाली. शाळेच्या तोंडी परीक्षेत उत्तर अडलं तेव्हा तिने सवयीने खिडकीकडे पाहिलं होतं, आणि बाबा खरोखरच तिथे उभे होते.

आता तिने दुसऱ्या शहरात नोकरीसाठी अर्ज केला होता. लोक रुग्णवाहिकेसाठी फोन करतात ना, तिथे ते फोन घ्यायचे. तिला ही नोकरी मनापासून हवी होती. मुलाखत घरूनच, लॅपटॉपवर व्हायची होती, आणि कुजबुज्यांच्या उपदेशाला नुसता ऊत आला होता.

“उजेडात बस. वाक्याचा शेवट गिळू नकोस, अर्धं जग तिथेच मार खातं. समोरचा विसरला तर हसू नकोस, उद्या आपल्यावरही तीच पाळी येते. आणि अडलंच, तर कानाच्या पाळीला हात लाव.”

कानाची पाळी ही कंपनीतली खूण होती. नट खरंच विसरला की तो कानाची पाळी चिमटीत धरायचा. हात खाली असेल तर तो पॉज समजायचा, आणि विंगेतल्याने तोंड बंद ठेवायचं. रंगभूमीवर कुजबुज्यांनी हा नियम कधी मोडला नव्हता. लेकीच्या बाबतीत तो त्यांना कधी पाळता आला नव्हता.

“बाबा, मुलाखतीच्या वेळी तुम्ही खोलीत यायचं नाही.”

“छे, छे!”

“पडद्यामागेही नाही.”

यावर कुजबुजे काही बोलले नाहीत. तो पॉज होता.

मुलाखत सुरू झाली तेव्हा ते अर्थातच लेकीच्या पाठीमागे, खिडकीच्या पडद्याआड भिंतीला चिकटून उभे होते. सुरुवातीचे प्रश्न तिने छान निभावले. मग लॅपटॉपवरच्या बाईंनी विचारलं, “समजा, फोन लागलाय, पण पलीकडचा माणूस घाबरून गप्प झालाय. काय कराल?”

लेक गप्प झाली. कुजबुज्यांनी फटीतून पाहिलं. हात मांडीवरच होता. पॉज आहे, त्यांनी स्वतःला बजावलं. पॉज लांबला. बापाचा जीव तो, राहवेना.

“धीर देईन म्हण,” पडदा कुजबुजला.

बाईंच्या भुवया वर गेल्या. “तिथे आणखी कोण आहे?”

आयुष्यात पहिल्यांदा कुजबुज्यांचा आवाज प्रेक्षकांत गेला होता, आणि तो नेमका पोरीच्या नोकरीच्या मुळावर आला होता.

“माझे बाबा आहेत,” लेक म्हणाली. “मी त्यांना बोलावलं नव्हतं. पण उत्तर मला त्यांच्यामुळेच सुचलं. मी थांबेन. ‘मी आहे, ऐकतेय’ एवढंच म्हणेन आणि थांबेन. आमच्याकडे कुणी जरा गप्प झालं की त्याच्या तोंडात वाक्य कोंबतात. वाक्य चांगलंच असतं हो, पण ते आपलं नसतं. आणि फोनवरच्या त्या माणसाला त्याच्या घराचा पत्ता सांगायचाय. तो त्याच्याशिवाय कोण सांगणार?”

बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. मग म्हणाल्या, “बाबांना सांगा, पुढच्या वेळी पडदा हलू देऊ नका.”

नोकरी लागली. निघायच्या दिवशी दारात टॅक्सी उभी होती, बॅगा चढल्या होत्या, आणि कुजबुजे नवा सदरा घालून उंबऱ्यात उभे होते.

“बोला आता,” लेक म्हणाली. “चार दिवस न्हाणीघरातून तुमची तालीम ऐकू येतेय.”

कुजबुज्यांनी घसा साफ केला. “हे बघ, पोरी. माणसानं आयुष्यात...”

आणि पुढचं काही आठवेना. इतरांची हजारो वाक्यं तोंडपाठ असलेल्या माणसाला स्वतःचं एक सापडेना. त्यांची बायको मदतीला धावणार, तोच लेकीने तिचा हात धरला. “थांब गं आई. पॉज असेल.”

टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही. मग कुजबुज्यांचा हात हळूहळू वर गेला, आणि त्यांनी कानाची पाळी चिमटीत धरली.

लेक पुढे झाली. शेजारी उभ्या आईलाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात, ओठ न हलवता, तिने त्यांना वाक्य दिलं.

“मी आहे,” कुजबुजे मोठ्याने म्हणाले. “ऐकतोय.”

वाक्याचा शेवट मात्र त्यांनी पार गिळला.