नावापुढचा शब्द

"हे तुमी लिवलंय का न्हाई, तेवढंच सांगा," म्हणत सुकन्याने मोबाईल मुक्ताबाईच्या तोंडासमोर धरला.

मुक्ताबाई लसीकरणाला निघाली होती. गावची आशाताई ती. त्या दिवशी अंगणवाडीत बाळांना सुया टोचायच्या होत्या आणि दोन आया टाळाटाळ करणार हे तिला ठाऊक होतं. तिने पिशवीतून चष्मा काढला. मोबाईलमध्ये एका फोटोत दुसऱ्याच कुणाचा फोन दिसत होता. त्या फोनची घंटी वाजत असताना कुणीतरी फोटो काढला होता. नंबर सुकन्याचा होता, आणि वर ठळक अक्षरांत नाव होतं, सुकन्या टीबी.

तो फोन रतनबाईंचा, म्हणजे देवळाली प्रवरा गावच्या, सुकन्याच्या होणाऱ्या सासूबाईंचा. रतनबाईंच्या मुलाशी, ओंकारशी, तिचा साखरपुडा झाला होता. साडीचा रंग विचारायला सुकन्याने आदल्या दिवशी त्यांना पहिल्यांदाच फोन लावला. रतनबाईंकडे तिचा नंबर नव्हता, पण कोणाचा फोन आलाय ते सांगणारं एक अ‍ॅप होतं, आणि त्याने न विचारता सांगून टाकलं. रतनबाईंच्या दिराने लगोलग फोटो काढून सुकन्याच्या वडिलांना, वैजनाथला, पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, हे काय आहे?

मुक्ताबाईने ते दोनदा वाचलं. शब्द तिचेच होते. नाव आणि पुढे दुखणं, अशी नोंद गावात दुसरं कोणी करत नव्हतं.

त्याला कारणही होतं. तिच्या गावात सविता म्हणून हाक मारली तर अर्धी आळी वळून बघते. मग फोन कुठल्या सवितेचा आणि कशासाठी, हे कळायला नको? म्हणून तिच्या फोनमध्ये तिसऱ्यांदा पोटुशी असलेली 'सविता तिसरं' होती, 'सविता मळ्यातली शुगर' होती, पाळणा लांबवायच्या गोळ्या सासूला चोरून खाणारी 'ज्योती गोळ्या' होती. आणि वर्षभरापूर्वी जिला तिने रोज सकाळी समोर बसवून औषध गिळायला लावलं होतं, ती 'सुकन्या टीबी' होती. फोन तिचा, तो तिच्या कनवटीला. बघणार कोण, असं तिला वाटायचं. नवऱ्याने, हनुमंतने, कधी विचारलंच की अमकीच्या घरी कशाला गेल्तीस, तर "जेवा गुमान" एवढंच उत्तर त्याला मिळे. लोकांचं पोटात ठेवावं तर मुक्ताबाईने, असं गावात बोललं जायचं आणि ते ऐकून तिला बरं वाटायचं.

"व्हय," ती म्हणाली. "मीच लिवलंय. पन मी कुनाला दाखवलं न्हाई गं."

"मग त्येंच्या फोनात गेलं कसं?" सुकन्याने विचारलं. ती रडत नव्हती. रडली असती तर मुक्ताबाईला सोपं गेलं असतं.

गेलं कसं, ते संध्याकाळी घोडेगावात कळलं. तिथे मोबाईलचं दुकान चालवणाऱ्या कल्याणने फोन उलटापालटा करून पाहिला आणि हनुमंतकडे बघून हसला. कर्ज घ्या, कार्ड घ्या असल्या फोनांनी बायको हैराण होते म्हणून हनुमंतनेच चार महिन्यांपूर्वी कौतुकाने ते अ‍ॅप टाकून दिलं होतं. अ‍ॅपने विचारलं, तुमचे संपर्क बघू का? हनुमंतने हो म्हटलं. फुकटचं अ‍ॅप जगतं कशावर, तर असल्या नावांवर, कल्याण सांगत होता. एकाच्या फोनमधली नावं उचलायची आणि जगाला दाखवायची. मुक्ताबाईची अख्खी फोनबुक तिकडे गेली होती.

"मी काय वाचत बसू का?" हनुमंत तणतणला. "ते म्हनतंय अनुमती द्या. न्हाई दिली तर फुडं जायना. दिली."

"माझी अनुमती तुमी दिली," मुक्ताबाई म्हणाली.

अ‍ॅप काढून टाकलं म्हणून गेलेली नावं परत येत नाहीत, हेही कल्याणने सांगितलं. ज्याचा नंबर, त्यानेच त्या कंपनीच्या पानावर जाऊन आपलं नाव काढायला लावायचं. बाकी राहिलेलं दार तरी बंद करू, म्हणून त्याने तिला सेटिंग कुठे असते ते दाखवलं. मग मुक्ताबाईने काय काय पाहिलं! अंधारात उजेड पाडायच्या बॅटरीच्या अ‍ॅपला तिची फोनबुक हवी होती. पंचांगाला ती कुठे फिरते ते हवं होतं. भजनाच्या अ‍ॅपला तिचं बोलणं ऐकायचं होतं. देव तरी इतक्या चौकशा करत नाही, असं तिच्या मनात आलं. संतापाने तिचे कान गरम झाले. दुकानातल्या बाकावर बसून तिने एकेकाची अनुमती काढून घेतली, आणि बॅटरी तर मुळासकट उपटली. फोनला स्वतःचा दिवा असतो हे तिला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर निघाली. प्रत्येकीला आडोशाला घेऊन सांगायची की तुझं नाव माझ्या फोनातून बाहेर गेलंय, पुढे हे हे लिहिलेलं होतं, फोन आण, आपण काढून टाकू. काहींना त्यात विशेष काही वाटलं नाही. शुगरवाली सविता तर म्हणाली, शुगर काय, सगळ्या गावालाच हाय. पण ज्योतीचा चेहरा उतरला. सासू अंगणात लसूण निवडत होती. ज्योतीने मुकाट्याने फोन पुढे केला, नाव निघेपर्यंत थांबली, आणि हळूच म्हणाली, "आता तुमच्याजवळ काय सांगायचं म्हनलं तरी भ्या वाटतंय, काकू."

हा घाव मुक्ताबाईला बसला. गोळ्या सरकार देतं, सुया सरकार देतं, गाडीसुद्धा सरकार पाठवतं. तिने स्वतःचं असं आजवर काय दिलं होतं, तर ऐकून घेणारे कान आणि बंद तोंड. बायका सांगेनाशा झाल्या तर तिची पिशवी नुसती ओझं होती. त्या आठवड्यात ज्योती गोळ्या न्यायला आली नाही. दुरून मुक्ताबाई दिसली की ती दुसऱ्या बोळाने जाऊ लागली.

तिकडे वैजनाथची झोप उडाली होती. देवळालीहून निरोप आला होता की मुलीचे दवाखान्याचे सगळे कागद मोबाईलवर पाठवा, आणि त्या आशाबाईला घेऊन समक्ष या. वैजनाथ वाईट माणूस नव्हता, पण पत्रिका छापायला गेल्या होत्या. त्याने मुक्ताबाईला विनवलं की चुकून दुसरीचं लिहिलं गेलं असं सांगा, दुसरी सुकन्या होती म्हणा, तिकडे कोण तपासायला येतंय. मुक्ताबाईने त्यालाही मान डोलावली. पोरीचं लग्न वाचत असेल तर एक खोटं बोलायला ती तयार होती.

तयार नव्हती ती सुकन्या.

"मी गोळ्या खाल्ल्यात, चोरी केली न्हाई," ती बापाला म्हणाली. मग ती मुक्ताबाईकडे वळली. "आन काकू, तुमी खोटं बी सांगायचं न्हाई आन खरं बी सांगायचं न्हाई. चांगलं बी न्हाई, वाईट बी न्हाई. माझ्या अंगाचं हाय ते. कुनाला सांगायचं ते मी ठरवीन. ओंकारनी इचारलं तर त्येंना सांगीन, माझ्या तोंडानं. मागंच सांगनार हुते, तुमच्या फोननं घाई केली."

मुक्ताबाईने तिला शब्द दिला.

देवळालीला ते भाड्याच्या गाडीने गेले. दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्ये रस्ता होता. रतनबाईंचं घर नवं, फरशी इतकी चकचकीत की वैजनाथ चप्पल बाहेर काढून आत येतानाही अवघडला. सोफ्यावर रतनबाईंचे दीर बसले होते. विधवा भावजय आणि पुतण्या यांचा सगळा कारभार तेच बघत. ओंकार बाजूला खुर्चीवर बसला होता. दिसायला गरीब, नोकरी बरी, आणि नजर हातातल्या फोनवर.

दिरांनी सुरुवात गोड केली. आजार कोणाला होत नाही, आमचा काही आक्षेप नाही, फक्त सगळं स्वच्छ असावं. छातीचा फोटो, थुंकीचा रिपोर्ट, औषधाचं कार्ड, सगळं घरच्या ग्रुपवर टाकून द्या, म्हणजे आत्या-मामांच्याही मनात काही राहायला नको. आत्या-मामा मिळून त्या ग्रुपवर निम्मा तालुका होता.

"ग्रुपवर माझ्या छातीचा फोटो टाकायचा?" सुकन्याने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. "न्हाई टाकनार."

"मग आमी समजायचं काय?"

"तुमी काय समजायचं ते तुमी बघा. लग्न मला ह्येंच्यासंगं करायचंय. ह्येंनी मला इचारावं, एकट्यात, काय झालंतं म्हनून. मी अख्खं सांगीन. कागद बी दावीन, ह्येंच्या हातात." ती ओंकारकडे बघत राहिली. "इचारता का?"

ओंकारने मान वर केली. काकांकडे पाहिलं. मग म्हणाला, "काका म्हनतेत तसं केलं असतं तर बरं झालं असतं."

सुकन्या उठली. हातातला चहाचा कप तिने नीट बशीत ठेवला, रतनबाईंना वाकून नमस्कार केला आणि बाहेर गाडीत जाऊन बसली. वैजनाथ हात जोडून काहीबाही बोलत राहिला. ते ऐकवत नव्हतं म्हणून मुक्ताबाई रिकामे कप गोळा करून आत स्वयंपाकघरात नेऊन ठेवायला गेली.

रतनबाई तिच्या मागोमाग आत आल्या. एवढ्या वेळात त्या बाहेर एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"आशाताई, पोरगी मला आवडली," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "खरं सांगते. आत्ता तिनं जे केलं त्येनं तर जास्तच आवडली. मला कागद नको. तुमी एकच शब्द सांगा, पूर्ण बरी झाली का न्हाई. तुमी बरी म्हना, मी भाऊजींना अन् ओंकारला बघून घेते. आत्ताच्या आत्ता गाडीतून उतरवून आनते तिला."

एकच शब्द, आणि तो खरा होता. सुकन्या ठणठणीत बरी झाली होती. शेवटचा रिपोर्ट मुक्ताबाईने स्वतः वाचून घेतला होता, दवाखान्याच्या दारात दोघींनी पेढा खाल्ला होता. तो शब्द तिच्या जिभेवर आला. पोरीचं सोनं होईल, ही बाई मनाने चांगली आहे, असं घर पुन्हा मिळेल न मिळेल, सगळं तिच्या मनात येऊन गेलं. आणि तरीही, तो शब्द जिचा होता ती बाहेर गाडीत बसली होती.

"ते तिला इचारा, ताई," मुक्ताबाई म्हणाली. "मी न्हाई सांगू शकत."

"चांगलं असंल तरी न्हाई?"

"चांगलं असंल तरी न्हाई. एकदा माझ्या हातनं तिचं बाहेर गेलं. आता न्हाई जानार."

"लग्न मोडलं तर?"

"मोडू द्या," मुक्ताबाई म्हणाली.

बाहेर दिरांचा आवाज चालू होता, आता तो चढला होता. त्यांना नाही म्हणून उठून गेलेलं माणूस या घराने पाहिलं नसावं. रतनबाईंनी गॅसवरचं दूध उतरवलं. सांडशी जागेवर ठेवली. मग दाराजवळ जाऊन त्यांनी ते नुसतं लोटलं, आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. पदराखाली त्यांचा हात डाव्या छातीशी गेला होता.

"हितं गाठ हाय," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासनं. दुखत न्हाई. कुनाला सांगितलं न्हाई मी. ह्या घरात सांगितलं की लगीच ग्रुपवर जातंय."

मुक्ताबाईने हातातले कप खाली ठेवले. नळ सोडून तिने साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत, आणि पदराला कोरडे केले. बाहेरून वैजनाथने हाक मारली की गाडीवाला घाई करतोय, निघायचं.

"थांबा म्हनावं त्याला," मुक्ताबाईने आतूनच सांगितलं, आणि दाराची कडी लावली.