मी, राहीबाईंची लहान लेन्स

मित्रांनो, मी कॅमेऱ्याची एक जुनी लेन्स आहे. मला पहिल्यांदा हातात घेणारा माणूस हमखास विचारतो, "एवढीशीच?" हो, एवढीशीच. मी मुठीत मावते. माझं अंग प्लॅस्टिकचं आहे आणि वजन म्हणाल तर एखाद्या पेरूइतकं. पण माझ्या पोटात खऱ्या काचेची भिंगं आहेत, आणि त्यांनी मी खूप माणसं पाहिली आहेत.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. एका दिवसात माझ्यासारख्या शेकडो बहिणी तयार झाल्या. कुणी आमच्याकडे निरखून पाहिलं नाही. खोक्यात बसून मी समुद्र ओलांडला आणि सांगलीच्या एका दुकानात येऊन पोचले. दुकान हळदीच्या पेठेच्या जवळच होतं. दार उघडलं की रिक्षांचा गोंगाट आणि हळदीचा वास दोन्ही एकदम आत यायचे.

तिथे काचेच्या कपाटात माझ्या शेजारी एक मोठी लेन्स होती. हातभर लांब, पांढरीशुभ्र, धातूची. तिला स्वतःची वेगळी पिशवी होती. मी मनातल्या मनात तिला थोरली म्हणायचे. थोरलीची नजर लांबची. दूरच्या झाडावरचं पाखरू ती जणू शेजारी आणून बसवायची. मला ते जमत नाही. माणूस जवळ दिसायला हवा असेल, तर मला घेऊन त्याच्या जवळ जावं लागतं. मात्र अंधाऱ्या खोलीत, थोड्याशा उजेडात, मला चांगलं दिसतं.

गिऱ्हाईक यायचं, थोरलीला हात लावायचं, तिची किंमत ऐकायचं आणि मग माझ्याकडे वळायचं. दुकानदार म्हणायचा, "सुरुवातीला ही घ्या. हात बसला की मोठी घ्या." म्हणजे मी काही दिवसांचीच. हे वाक्य ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

एके दिवशी नाथाजी आणि राहीबाई हे नवरा-बायको दुकानात आले. त्यांचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या पलीकडे. मुलगी सांगलीत दिलेली, तिला भेटायला ते आले होते. नाथाजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. निरोपाच्या दिवशी पलटणीतल्या जोडीदारांनी त्यांना एक कॅमेरा भेट दिला होता, पण गावी येताना रेल्वेत तो बर्थवरून खाली पडला. कॅमेरा वाचला, त्याची लेन्स फुटली.

दुकानदाराने थोरली आणि मी, दोघींना काउंटरवर ठेवलं. नाथाजींनी थोरलीला उचललं, कॅमेऱ्याला लावलं, आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीवर नेम धरावा तसा डोळा लावला. त्यांचा चेहरा खुलला.

"लय जड हाय ही," राहीबाई म्हणाल्या.

"रायफलीपरीस हलकी हाय."

"आवं, पर ही भायेर काढायला तुमचा हात धजंल का? पावसाचा थेंब पडला, ठिवा कपाटात. धूळ उडाली, ठिवा कपाटात. मग आनायची कशाला?"

नाथाजी बराच वेळ थोरलीला हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी तिला सावकाश खाली ठेवलं आणि मला घेतलं. मला आनंद झाला, पण दुकानातून बाहेर पडताना त्यांनी मागे वळून थोरलीकडे पाहिलं तेही मला दिसलं.

नाथाजींच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. ग्रामपंचायतीच्या सभागृहात एक भिंत आहे. गावातून फौजेत गेलेल्या प्रत्येकाचा गणवेशातला फोटो तिथे लावलेला आहे. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी नाथाजी त्या तसबिरी पुसत होते आणि राहीबाई त्यांना एकेक हातात देत होत्या. मी कॅमेऱ्याला लावलेली, टेबलावर होते.

"एक इचारू?" राहीबाई म्हणाल्या. "ही समदी मानसं तिकडं हुती, तवा हिकडं रान कोन पिकवत हुतं?"

नाथाजींचा हात थांबला.

"म्हातारी-कोतारी सांभाळली कुनी? पोरांस्नी शाळंत कुनी घातलं? त्यातल्या येकीचा तरी फोटू हाय का ह्या भितीवर?"

नाथाजींनी हातातली तसबीर खाली ठेवली आणि समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर त्यांनी माइक हातात घेऊन जाहीर केलं, की गावातल्या बेचाळीस फौजी घरांतल्या बेचाळीस बायकांचे फोटो सव्वीस जानेवारीला या सभागृहात लागतील. समोरच्या भिंतीवर. टाळ्या वाजल्या. मी खूश झाले. इतकं मोठं काम माझ्या वाट्याला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

काम मात्र साफ बिघडलं. नाथाजींना माणसं रांगेत उभी करायची सवय. त्यांनी बायकांना शाळेच्या भिंतीला टेकून उभं केलं. "हनुवटी वर. हात सरळ. हलायचं न्हाई." बायका घाबरून लाकडासारख्या ताठ व्हायच्या. मी जे समोर होतं तेच टिपलं. मला दुसरं काय येतं?

बारा फोटो छापून आले. गावातल्या सगळ्यात वयस्कर बनुबाईंनी आपला फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि परत दिला. "नाथा, ही मी न्हाई रं. ही रेशनकार्डावरची बाई हाय." बाकीच्या पदराआड हसल्या. दुसऱ्या दिवसापासून फोटोला कुणी आलंच नाही.

नाथाजींनी घरी येऊन मला कॅमेऱ्यातून काढलं. "स्वस्तातली लेन्स, स्वस्तातलं काम," ते म्हणाले. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं.

त्यांचा पुतण्या वीरधवल साताऱ्याला असतो. त्याच्याकडे थोरलीसारखीच मोठी लेन्स होती. तो काही महिन्यांसाठी बाहेरगावी निघाला होता, म्हणून तो ती काकांकडे ठेवून गेला. त्या दिवशी राहीबाईंच्या नकळत नाथाजींनी मला कपड्यांच्या कपाटात, साड्यांच्या घडीमागे ठेवून दिलं. दार बंद झालं.

बाहेर पाऊस चालू होता आणि कपाटात ओल होती. डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी पडून राहिले. काही दिवसांनी माझ्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी पसरू लागलं. ती बुरशी होती. आम्हा लेन्सना हा रोग बंद जागेत होतो. आपली नजर हळूहळू जाते आहे हे कळत होतं, आणि सांगायला कुणी नव्हतं.

बाहेर काय घडत होतं ते मला कानांनीच कळत होतं. नाथाजी आता लांब बांधावर उभे राहून फोटो काढत. मोठी लेन्स एवढ्या लांबून टिपायची की रानातल्या बायकांना पत्ता लागत नसे. फोटो देखणे यायचे. एक दिवस त्यांनी आक्काताईंचा फोटो मोठा करून आणला. आक्काताईंचं घर बुद्धविहाराच्या शेजारी. त्यांच्या मालकांनीही बावीस वर्षं फौजेत काढलेली. तो फोटो मी पुढे पाहिला. त्यात त्या आल्याच्या रानात खुरपून दमल्यावर बांधावर पाय पसरून बसल्या होत्या, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि मावळतीचा सगळा उजेड तोंडावर.

आक्काताई फोटो घेऊन नाथाजींच्या घरी आल्या. त्यांचा आवाज मला कपाटात ऐकू आला. तो चढलेला नव्हता.

"भावजी, फोटू चांगला हाय. पर मी तितं येकटी हाय म्हनून तशी बसलेली. तुमी बगत हुतासा, ते मला ठावं न्हवतं. इचारायचं तरी."

 नाथाजींनी त्यानंतर कॅमेऱ्याला हात लावला नाही.  दिवाळीला वीरधवल येऊन आपली लेन्स घेऊन गेला. सव्वीस जानेवारीचं नावही कुणी काढेना.

दिवाळीनंतर एका लग्नाला जायचं म्हणून राहीबाई साडी काढायला लागल्या, आणि मी त्यांच्या हाताला लागले. त्यांनी मला खिडकीपाशी नेलं. माझं झाकण काढलं. "आगं बया," त्या हळूच म्हणाल्या, "मी तुला घ्या म्हनले, आन तुझी ही दशा झाली." त्यांनी पदराने पुसायचा प्रयत्न केला, पण जाळं काचेच्या आतल्या बाजूला होतं.

मुलीला भेटायच्या निमित्ताने त्या मला रुमालात गुंडाळून, कॅमेऱ्यासकट, एसटीने सांगलीला घेऊन गेल्या. त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत लेन्स दुरुस्त करणारा एक कारागीर बसायचा. त्याने मला उघडलं, एकेक भिंग बाहेर काढून पुसलं, पुन्हा बसवलं. "कडेला एक बारीक डाग राहणार, मावशी. फोटोत दिसायचा नाही. आणि ही कपड्यांच्यात ठेवू नका. हिला कोरडी जागा पाहिजे, आणि वापर पाहिजे."

"वापरायची कशी ते दाव मग," राहीबाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

त्याने तासभर शिकवलं. उजेडाच्या बाजूला कसं बघायचं, उजेड कमी असेल तर पांढरं कापड धरून तो तोंडावर कसा वळवायचा. राहीबाईंनी चष्मा लावूनच माझ्यातून पाहिलं. "मानूस बारीक दिसतंय की."

"जवळ जायचं, मावशी."

गावी परतल्यावर राहीबाई कॅमेरा पिशवीत घालून आधी बनुबाईंकडे गेल्या. त्यांनी कॅमेरा बाहेर काढलाच नाही. बनुबाई सुपात घेवडा निवडत होत्या. राहीबाई शेजारी बसून निवडू लागल्या. बोलता बोलता बनुबाई सांगू लागल्या, की नवऱ्याची तार आली त्या दिवशी बैल आजारी होता आणि रानाला वाफसा आलेला, पेरणी थांबवता येत नव्हती. वाचून दाखवायला गावात कुणी नव्हतं. त्यांनी तार चोळीत खोचली, शेजारचा बैल मागून आणला आणि पेरणी उरकली. सांजेला मास्तर गावात परतले, त्यांनी वाचली, तर तारेत लिहिलेलं होतं, सुट्टी मंजूर, येतो.

"दिवसभर मी त्याला मेलेला धरून चाललेली," बनुबाई म्हणाल्या आणि हसू लागल्या.

"आत्ती, फोटू काढू?"

"काढ की."

राहीबाई सरकून अगदी जवळ गेल्या. खोलीत उजेड थोडाच होता, पण मला तेवढा पुरला. सुपातला घेवडा, त्यावरचे सुरकुतलेले हात, आणि त्या दिवसाचं हसू. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो पहिला खरा फोटो, असं मी मानते.

फोटो छापून आल्यावर बनुबाईंनी तो घरोघर नेऊन दाखवला. मग बायका स्वतःहून बोलवू लागल्या. राहीबाई पुढे आणि नाथाजी मागे पिशवी घेऊन, असं दोघं निघायचे. नाथाजी पांढरं धोतर दोन्ही हातांनी ताणून उजेड वळवत उभे राहायचे. पहिल्या दिवशी सवयीने ते म्हणाले, "हनुवटी वर." राहीबाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. पुन्हा ते काही म्हणाले नाहीत.

जानेवारीत निवड करायची वेळ आली. राहीबाई प्रत्येकीला तिचे सगळे फोटो दाखवून विचारत, यातला कुठला लावू. आक्काताईंपुढे त्यांनी दोन ठेवले. एक मी काढलेला, त्या उंबऱ्यात बसलेल्या असतानाचा. दुसरा तो, आल्याच्या रानातला.

"ह्यो फोटू तुमचा हाय, आक्का," राहीबाई म्हणाल्या. "तुमी म्हनाल तर फाडून टाकू."

नाथाजी दाराबाहेरच थांबले होते. आक्काताईंनी दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले. मग रानातल्या फोटोवर बोट ठेवलं.

"ह्यो लावा. ह्यात माजं रान हाय. आन आता तुमी इचारलंसा."

खरं सांगते, क्षणभर मला लागलं. माझा फोटो मागे पडला होता. पण मग मी दाराबाहेर उभ्या नाथाजींचा चेहरा पाहिला. त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला आणि ते आत आले. "चुकलं माजं, वैनी," ते म्हणाले. आक्काताई म्हणाल्या, "बसा, च्या ठिवते." त्या दिवशी मोठ्या लेन्सविषयीचा माझ्या मनातला सल गेला. तिने त्या फोटोत संध्याकाळ जशी पकडली होती, तशी मला कधीच पकडता आली नसती.

सव्वीस जानेवारीला सभागृह भरलं. समोरासमोर दोन भिंती, इकडे पुरुष, तिकडे बायका. बनुबाई काठी टेकत एकेक फोटो मोजत गेल्या आणि शेवटी थांबल्या.

"एकेचाळीस हायती," त्या म्हणाल्या. "राही, तू कुठं हायेस?"

कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. राहीबाई सारा वेळ माझ्या मागे होत्या. नाथाजी पुढे झाले. त्यांनी राहीबाईंच्या गळ्यातून कॅमेरा काढून घेतला आणि हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी भरल्या सभागृहात, हळू आवाजात विचारलं, "काढू का?"

राहीबाई लाजल्या. "काढा की."

नाथाजी दोन हातांच्या अंतरापर्यंत जवळ गेले. इतक्या जवळून त्यांनी कुणाचाच फोटो काढला नव्हता. त्यांचा हात थोडा हलला, म्हणून तो फोटो किंचित धूसर आहे. राहीबाईंनी तोच लावायला सांगितला.

आता माझं वय झालं आहे. फोकस करताना मी कुरकुरते, पण काम चालू आहे. शेजारच्या गावांतूनही राहीबाईंना बोलावणं येतं, आणि मी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत सुखाने फिरते. घरी माझ्यासाठी खिडकीजवळ एक कोरडा डबा आहे.

मित्रांनो, तुम्ही लहान लेन्स घ्या नाहीतर मोठी, तुमच्या कामाची असेल ती घ्या. पण घेतलीत की तिला कोंडून ठेवू नका. तिला उजेड दाखवा, तिची काच बोटांनी नको, मऊ कापडाने पुसा. आणि ज्यांनी तुमचं घर चालवलं, त्यांच्यासमोर तिला घेऊन जा. त्यांना विचारा. "काढ की" म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते बघायला मी अजूनही रोज आतुर असते.