नुसतं ‘जा’ म्हणायचं होतं

सिंगापुरात बुकित पंजांगला आमच्या मुलाच्या फ्लॅटसमोर मॅडम जिन राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे आजोबा मांचू राजपुत्र. चीनची बादशाही बुडाली तेव्हा घराण्याने लांबलचक आडनाव टाकून ‘जिन’ एवढंच ठेवलं, आणि वडील सिंगापुरात येऊन कारकून झाले. आजोबा मात्र मेल्यावरही राजपुत्रच राहिले. चिनी सातव्या महिन्यात पितरांना सुट्टी असते, तेव्हा ते दरवर्षी यायचे आणि मॅडमच्या घरी पश्चिमेच्या भिंतीखाली, त्यांच्यात मानाच्या जागी, खुर्चीत बसायचे.

“आमचे पंधरवड्यात आटपतात,” मी म्हणालो. “तुमचे महिनाभर?”

“राजघराणं आहे,” मॅडम म्हणाल्या.

महिना सरला की त्यांना ‘आता जा’ म्हणावं लागे. नातीने आजोबांना ‘जा’ म्हणणं त्यांच्यात उद्धटपणा, म्हणून ते काम नवऱ्याकडे होतं. नवरा गेल्या वर्षी वारला. आता फ्लॅट विकून मॅडम वृद्धाश्रमात चालल्या होत्या.

“एकदा वाडा गेला त्यांचा,” त्या मालतीला, म्हणजे आमच्या हिला, म्हणाल्या. “आता परक्यांच्या घरात उपरे राहायला नकोत. तुम्ही म्हणाल? तुमच्या भाषेत चालेल. त्यांना सूर कळतो.”

मालतीने रिकाम्या खुर्चीला हात जोडले. खुर्चीची उशी मधोमध दबलेली होती. पुढ्यात चहाचा भरलेला कप. आमच्या डोळ्यांदेखत चहा खाली खाली जात तळाची पानं दिसू लागली.

“या हं,” मालती म्हणाली.

“अगं, जा म्हणायचं होतं.”

“निघालेल्या माणसाला जा कसं म्हणू? जिभेला वळणच नाही.”

उशी सावकाश वर आली.

“उठले,” मॅडम समाधानाने म्हणाल्या. “काय म्हणालात?”

“निरोप देताना म्हणतात ते,” मी म्हणालो. खोटं नव्हतं.

त्यानंतर आमच्या पश्चिमेकडच्या सोफ्यावर कुणी बसेना. तसं काही ठरलं नव्हतं. सून लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलावर गेली. मुलगा म्हणाला, तिथे एसीचा झोत येतो. मी एकदा टेकलो, तर उशी कोमट. ‘सॉरी’ म्हणून उठलो. मालती चहाला एक कप पाणी जास्त ठेवू लागली. त्याबद्दल आम्ही बोलत नसू. कप रिकामा परत यायचा.

आम्ही पुण्याला निघालो त्या सकाळी मॅडम दारात आल्या.

“एक विचारू? तुमच्या दाराआडून आजोबांचा आवाज येतोय. एकच शब्द घोकताहेत. येतो. म्हणजे काय?”

“निघताना म्हणतो आम्ही.”

“म्हणजे जातो?”

“अर्थ तोच. शब्द मात्र, मी येतो, असा आहे.”

“कुठे?”

मी बॅगांकडे बघितलं. मालतीने माझ्याकडे.

मॅडमनीही बॅगांकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, “तुमच्या घरी पश्चिमेची भिंत आहे ना?”

“आहे,” मालती म्हणाली. “नुसतं कॅलेंडर आहे तिथे. काढीन.”

मॅडमचे डोळे भरून आले. लिफ्ट आली. आम्ही आत गेलो. मॅडमनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मोठ्या कष्टाने खाली वाकल्या. आमच्याकडे बघून नव्हे, आमच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघून.

मालतीने बॅग जवळ ओढून घेतली.

“नीट उभे राहा हं,” ती म्हणाली. मला ती अरे-तुरे करते.