अंड्यांच्या गाडीचे नवे टायर

आमच्या पिकअपच्या टायरांना टक्कल पडलंय हे आधी माझ्या लक्षात आलं आणि मग सगळ्या घराच्या, कारण मी दिवसभर दुसरं काही बोललेच नाही. गाडी मी चालवते. सकाळी आमच्या शेडमधली अंडी भरून बेकऱ्यांत आणि दुकानांत पोचवायची आणि येताना कोंबड्यांच्या खाद्याची पोती घेऊन यायची, हे माझं रोजचं काम. नवरा शेड सांभाळतो. त्याला कोंबड्या आवडतात आणि कोंबड्यांना तो. त्यांच्यामध्ये मी पडत नाही.

गाडी चालवायला मला सासऱ्यांनी शिकवलं. त्यांची शिकवण्याची तऱ्हा जगावेगळी होती. शेजारच्या सीटवर बसायचे, तळहात उघडा करून गुडघ्यावर ठेवायचे आणि त्यावर एक कच्चं अंडं. बोटं अजिबात मिटायची नाहीत. मी क्लच दाणकन सोडला की अंडं त्यांच्या मांडीवर फुटायचं आणि ते शांतपणे म्हणायचे, "पुन्हा." त्यांच्या पँटी धुवायची पाळी माझ्यावर यायची, त्यामुळे मी लवकर शिकले. माझं लक्ष सारखं त्या अंड्याकडे जायचं. तेव्हा ते एवढंच सांगायचे, "अंड्याकडे नको, समोर बघ."

मी शिकले तरी त्यांचं येणं सुटलं नाही. रोज शेजारी बसून यायचे. कुठल्या दुकानदाराला आधी हसवायचं आणि कुणाच्या वाटेला सकाळी सकाळी जायचंच नाही, हे मला त्या सीटवरून कळलं. रस्ताभर आम्ही दोघं नवऱ्याची यथेच्छ टिंगल करायचो. खरं सांगते, लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझी पहिली मैत्री नवऱ्याशी झाली नाही, सासऱ्यांशी झाली.

मग बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, पाठीचं ऑपरेशन झालं. बरे झाल्यावर डॉक्टरांनी गाडीत बसायला परवानगी दिली, तसे ते एकदा आलेही. पण तेव्हा टायर झिजून वेडेवाकडे झालेले, स्टिअरिंग हिवताप आल्यासारखं थरथरायचं. बाबा ओठ घट्ट मिटून परत आले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना शेडमध्ये फार कामं निघायला लागली. कसली कामं? धुतलेले ट्रे पुन्हा धुवायचे.

एकदा जेवताना म्हणाले, "ती शेजारची सीट काढून टाका. ट्रे बसतील तिथे चांगले."

नवऱ्याला वडिलांचा शब्द म्हणजे हुकूम. तो लगेच म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी काढतो."

सीट निघाली की बाबांचं येणं कायमचं संपलं, हे मला लख्ख दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार, म्हणून तर आमटी वाढून घेताना ते कुणाकडे बघत नव्हते.

"आधी नवे टायर घालू," मी म्हटलं. "नव्या टायरांवर माझ्याबरोबर एक चक्कर मारा. मग म्हणालात तर सीट काढू. वाटलं तर दारंसुद्धा काढू."

ते हसले. "एकच चक्कर हं."

"एकच."

टायर आणायला जायच्या आधी नवऱ्याने मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक गाडी कातळावर चढत होती. तिला जाड जाड बटणांचे टायर होते.

"असले घे," तो म्हणाला. "कुठेही अडकणार नाही."

"आपण अंडी विकतो. रणगाडा नाही चालवत."

"अगं, शेडपासूनचा कच्चा रस्ता आहे ना!"

"त्या रस्त्यावरून आपल्या कोंबड्या चालत जातात. त्यांना कुठे लागतात बटणं?"

तो फुरंगटून शेडकडे गेला. पण गाडी निघताना खिडकीशी येऊन म्हणाला, "निदान दिसायला तरी बरे घे."

अंडी पोचवून झाल्यावर मी टायरवाल्याकडे गेले. माणूस दुकानाच्या दारातच स्टूल टाकून बसला होता. टायर मागितले तर उठून टायर दाखवेल की नाही? नाही. आधी त्याने माझ्या जुन्या टायरांवरून हात फिरवला, गुडघ्यावर बसून एकेक कड बघितली आणि तोंडाने "चक चक" केलं.

"बाहेरची कड खाल्लीय सगळी. चाकं सरळ नाहीत तुमची. अलाइनमेंट केल्याशिवाय नवे घातलेत तर तेही असेच खाल." जणू टायर मीच चावले होते. "काय नेता गाडीतून?"

"अंडी."

"शेजारी कोण बसतं?"

"सासरे," मी म्हटलं. खरं तर 'बसायचे' म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही.

मग मीच आत घुसले आणि टायर दाबून बघायला लागले. बटणांच्या टायरांवर हात ठेवला आणि बाबांची पाठ आठवली. ते तिथेच सोडले. कोपऱ्यात एक जोडी होती, नाजूक नक्षीची, बाजू अंगठ्याने दाबली की दबणारी. माझा जीव त्यांच्यावरच बसला.

"हे द्या. हे मऊ आहेत."

टायरवाल्याने मान हलवली. "हे माणसं नेणाऱ्या छोट्या गाडीचे. तुमची भरलेली पिकअप यांच्यावर घातली तर बाजू फुगतील, तापतील, आणि एक दिवस फुटतील. सासऱ्यांना मऊ बसवायचंय की सुखरूप?"

"दोन्ही."

तो पहिल्यांदाच हसला आणि हाताखालच्या पोऱ्याला माळ्यावरून तिसरेच टायर काढायला लावले. मधोमध सलग पट्टे, कडेला जवळजवळ बसवलेल्या गोट्या, बाजू जाड. दिसायला बटणांइतके रुबाबदार नव्हते, पण अगदी मवाळही नव्हते. पट्ट्यांमुळे डांबरी रस्त्यावर आवाज करणार नाहीत, कडेच्या गोट्यांमुळे कच्च्या रस्त्यावर घसरणार नाहीत आणि जाड बाजूंमुळे वजन पेलतील, असं त्याने मला एकेका जागी बोट ठेवून दाखवलं. मला पटलं. त्याने चारही चाकांना ते चढवले, अलाइनमेंट केलं आणि हवेची नळी हातात घेऊन विचारलं, "गाडी भरलेली चालते की रिकामी?"

"रिकामी गाडी आमच्या घराण्यात कुणी चालवलेलीच नाही," मी ऐटीत म्हटलं. "जाताना अंडी, येताना पोती."

"मग हवा त्या हिशोबाने भरतो."

पलीकडच्याच गल्लीतून मी खाद्याची पोती भरली आणि घराकडे निघाले. स्टिअरिंगची थरथर गेली होती. गाडी अशी चालली होती की मी गाणं म्हणायला लागले, आणि माझं गाणं ऐकवत नाही हे मला माहीत आहे. घरी येऊन बाबांना सांगितलं, "लोणी आहे, लोणी!"

सुट्टीच्या दिवशी दुपारी बाबा तयार होऊन आले. इस्त्रीची पँट, डोक्याला तेल, आणि शर्टाच्या खिशात हळूच ठेवलेलं एक अंडं. ते बघून मला एवढा आनंद झाला की मी सीट दोनदा पुसली.

"परीक्षा आहे तुझी," ते म्हणाले आणि तळहात उघडून गुडघ्यावर ठेवला.

फाटकाबाहेर पडलो आणि कच्च्या रस्त्यावरच्या पहिल्या खड्ड्याला गाडीचा मागचा भाग टुणकन उडाला. दुसऱ्या खड्ड्याला परत उडाला. मला कळेना. कालपर्यंत लोणी असलेली गाडी आज बकरीसारखी उड्या मारत होती. मी हळू केली, आणखी हळू केली. डांबरी रस्ता लागला तरी प्रत्येक ठिगळ आमच्या बुडाला कळत होतं. गतिरोधकावर अंडं उडालं आणि इस्त्रीच्या पँटवर फुटलं.

बाबांनी दुसऱ्या हाताने दारावरची मूठ घट्ट धरली होती. "थांबव जरा," ते म्हणाले.

मी गाडी कडेला घेतली. त्यांनी रुमाल काढून पिवळा बलक पुसला. मी वाट बघत होते की आता 'पुन्हा' म्हणतील. ते म्हणाले, "टायर चांगले आहेत गं. पाठच माझी आता राहिली नाही."

इतकं सहज म्हणाले, की मला रडू आलं. मी रडलेही. ते माझ्यासाठी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

घरी नवरा पाना घेऊन उभाच होता. मला त्याचा एवढा राग आला म्हणून सांगू, आणि बिचाऱ्याची काही चूक नव्हती. तो सीटखाली शिरला. बोल्ट चारही गंजलेले. त्याने जोर लावला, लटकला, पान्यावर पाय देऊन बघितलं. एकही हलेना.

"तेल ओतून ठेवतो," घाम पुसत तो म्हणाला. "मुरलं की उद्या संध्याकाळी निघतील."

बाबा ट्रे धुवायला गेले. ते ट्रे सकाळीच धुतलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भरून मी एकटीच निघाले. अंडी मागच्या हौद्यात शिगोशीग, शेजारी रिकामी सीट. टायरवाल्याला काय काय सुनवायचं याची मी मनातल्या मनात तयारी करत होते. चांगले चार शब्द जुळवले होते. त्या नादात कच्चा रस्ता कधी संपला ते कळलंच नाही.

कळलंच नाही! मी एकदम भानावर आले. काल ज्या खड्ड्यांनी बाबांचं अंडं फोडायची तयारी केली होती, ते सगळे मागे गेले होते आणि मला एकही लागला नव्हता. पुढे तोच गतिरोधक आला. मी त्याच वेगाने त्यावरून गेले. गाडी सावकाश वर झाली, सावकाश खाली बसली.

मी गाडी थांबवली आणि कपाळाला हात लावला. काल गाडी रिकामी होती. भरलेल्या गाडीसाठी तट्ट भरलेली हवा, मागच्या स्प्रिंगचे पाटेही वजनासाठी बनवलेले कडक, आणि वर वजन काहीच नाही. मग उडेल नाही तर काय करेल? बाजारातल्या दोन गल्ल्या सोडल्या तर आमच्या घराण्यात रिकामी गाडी कुणी चालवलेलीच नव्हती, म्हणून रिकामी गाडी कशी चालते हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आयुष्यभर अंडी वाहिलेल्या बाबांनासुद्धा. त्यांनी सगळा दोष आपल्या पाठीच्या माथी मारला आणि मी तो मारू दिला.

बेकरीवाल्याचा फोन वाजायला लागला होता. त्याला म्हटलं, "थोडा उशीर होईल," आणि तो पुढे काय म्हणाला ते न ऐकता गाडी मागे वळवली.

बाबा नळाशी उकिडवे बसले होते. भरलेली गाडी परत आलेली बघून घाबरून उठले. "काय झालं? कुठे ठोकलीस?"

"बाबा, काल गाडी रिकामी होती!"

"मग?"

"मग काय मग? हवा भरलेल्या गाडीची होती! तुमच्या पाठीला काही झालेलं नाही!"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग गाडीकडे, मग मागच्या टायरांकडे. वजनाने टायर खाली जरासे पसरून बसले होते. बाबांना हसू फुटलं. आधी नुसते खांदे हलले, मग नळाला धरून हसायला लागले. "एवढी वर्षं अंडी वाहिली," ते म्हणाले, "आणि अक्कल..." पुढचं हसण्यात गेलं.

"हसताय काय? बसा. बेकरीवाला खवळलाय."

"थांब." ओले हात शर्टाला पुसत ते हौद्यापाशी गेले आणि ट्रेमधलं एक अंडं उचलून आणलं.

कच्च्या रस्त्यावर मी गाडी जिवापाड सांभाळून चालवली. बाबांचा तळहात उघडा, बोटं सरळ, त्यावर अंडं. डांबरी रस्ता लागला. पुढे गतिरोधक दिसला तशी माझी नजर आपोआप त्यांच्या हाताकडे गेली.

"अंड्याकडे नको," बाबा म्हणाले. "समोर बघ."

गाडी वर झाली, खाली बसली. अंडं जरासं डोललं आणि जागेवर राहिलं. मी एकदम सुटल्यासारखा श्वास सोडला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तो बेकरीवाला अजून सकाळी सकाळी चिडतो का गं?" आणि मग बेकरी येईपर्यंत त्यांचं तोंड बंद झालं नाही.

बेकरीवाला भांडायच्या तयारीने बाहेर आला. बाबांना उतरताना बघून त्याचा आवाजच बदलला. त्याने दोन्ही हातांनी त्यांना धरून खुर्चीवर बसवलं आणि उशिराचं नावही काढलं नाही. बाबांनी हातातलं अंडं त्याच्या गल्ल्याशेजारी अलगद ठेवलं.

संध्याकाळी आम्ही तिघं अंगणात चहा घेत होतो. बाबा थकले होते, पाठीला उशी लावली होती, पण दुकानादुकानातल्या गोष्टी सांगून संपत नव्हत्या. नवऱ्याला सकाळचा सगळा प्रकार सांगून झाला होता. तरी तो ओतलेलं तेल वाया जातंय म्हणून हळहळत होता. शेवटी राहवेना तसा पाना घेऊन गाडीत शिरलाच.

"बाबा!" सीटखालून त्याचा आनंदी आवाज आला. "सगळे सुटतायत हो! बोटांनी फिरतायत!"

"छान," बाबा म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. "आता चारही घट्ट आवळ. मला उद्या लवकर निघायचंय."