विसण

त्या हिवाळ्यात नीलाबाईच्या तळहाताला काही ना काही टोचून पाहिलं नाही असा माणूस गावात शोधून सापडला नसता. आधी गावात आरोग्याचं, आशाताईचं काम करणाऱ्या इंदुताईने पेनाचं टोक लावलं. मग नवऱ्याने, मुखरूने, खराट्याची काडी लावली. शेजारच्या धुरपताने धानाची लोंबी फिरवली. पानठेलेवाल्याने तर अडकित्ता पुढे केला, तेव्हा नीलाबाईने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सगळ्यांचं म्हणणं एकच. डोळे मिट आणि सांग, कुठं लावलं?

ब्रह्मपुरीकडच्या खेड्यांत ही परीक्षा घेणं सगळ्यांनाच येतं. घरोघरी तपासणी होते, अंगावरचा चट्टा बधिर आहे का म्हणून विचारणारी माणसं दारात येतात, शाळेच्या भिंतीवर तशी चित्रंही रंगवलेली आहेत. त्यामुळे ज्याला साध्या पडशाचं औषध माहीत नाही, त्यालाही कुष्ठरोग ओळखता येतो, निदान आपल्याला येतो असं त्याला वाटतं. नीलाबाईची बोटं थंडीत आधी खडूसारखी पांढरी पडत, मग जांभळी. वर्षभरात त्यांची कातडी ताणून चकचकीत झाली होती. मूठ पुरती मिटत नव्हती आणि बोटांच्या टोकांना सदा मुंग्या. गावाला आणखी काय पुरावा हवा होता?

इंदुताईच्या तपासणीत नीलाबाई पास झाली. कशी, ते तिचं तिलाच ठाऊक. डोळे मिट म्हटल्यावर तिने मिटले, पण पापण्यांत बारीक फट ठेवली आणि पेन जिथे टेकलं तिथे बोट ठेवत गेली. लबाडी होती, पण तिचा जीव विटला होता. चार दिवसांत सून कुरखेड्याहून, माहेराहून, दोन महिन्यांची लेक घेऊन यायची होती. हा तमाशा त्याआधी संपायला हवा होता.

कारण नीलाबाई गावातली न्हाऊ घालणारी होती. आज मोटारसायकली उडवत फिरणारे कितीतरी पोरगे तिने आपल्या नडग्यांवर पालथे पाडून रगडलेले होते. पाय लांब करून पाटावर बसायचं, चुलीवरून उतरवलेल्या कढत पाण्यात गार पाण्याचं विसण घालायचं, एकदा हात बुडवायचा आणि तांब्या उचलायचा. तिने पाण्यात दुसऱ्यांदा हात बुडवलेला कोणी पाहिला नव्हता. बाया म्हणायच्या, विसण घालावं तर नीलाबाईनं. आता घरात पहिली नात येत होती, खुशबू. तिला न्हाऊ घालायचं ह्यापलीकडे नीलाबाईला देवाकडे काही मागायचं उरलं नव्हतं.

उर्वशी आली. पोरगी गुणाची, पण भित्री. तिने सासूच्या पाया पडताना पायांना हात लावला नाही, जमिनीला लावला. दुसऱ्या दिवसापासून स्वतःच मोरीचं दार लोटून बाळाला अंघोळ घालू लागली. नीलाबाईने हात पुढे केला की बाळ पदराआड जायचं.

"आई, तिले भूक लागली."

खुशबूला दिवसातून तेरा वेळा भूक लागू लागली. चौथ्या दिवशी नीलाबाईचा तोल सुटला.

"कोणी भरवलं तुह्या डोक्यात? धुरपतानं ना?"

"कोणी नाई, आई."

"मंग लेकरू काऊन देत नाई मले? इंदुताईनं तपासलं ना? नाई म्हणते ना ते?"

उर्वशी खाली पाहत पुटपुटली, "सगळेच म्हणून राह्यले, आई. माह्यी एकच लेक हाये."

ह्यावर भांडता येत नव्हतं, आणि भांडता येत नव्हतं म्हणून नीलाबाईचा जास्तच संताप झाला. तिने तो मुखरूवर काढला.

"तुमी बसा बिड्या फुकत! बायकोले गाव वाळीत टाकते, अन् तुमी खराट्याच्या काड्या मोजा!"

"मी का केलो वो?" मुखरू म्हणाला.

"काईच नाई केलं, तेच सांगून राह्यली!"

शेवटी लेक हेमराज एक दिवस कामावरून सुट्टी काढून तिला चंद्रपूरला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथे तीन रांगा, दोन वेळा रक्त आणि एक अख्खी दुपार गेली. मग एक तरुण डॉक्टरीण भेटली. तिच्याकडे दांड्यांना लावलेले प्लास्टिकचे बारीक धागे होते, काही केसासारखे, काही जाड. नीलाबाईने लगेच पापण्यांची फट तयार ठेवली. पण ही बया इंदुताई नव्हती. तिने मधे पुठ्ठाच उभा धरला.

"धागा लागला की 'हो' म्हणा, आजी."

नीलाबाई वाट पाहत बसली. धागा काही लागेना. डॉक्टरीण मधूनमधून वहीत लिहीत होती. मग पाचसहा वेळा लागल्यासारखं वाटलं, तेव्हा ती "हो" म्हणाली.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. वीस वेळा लावला, तुम्ही सहा वेळा सांगितलंत."

नीलाबाईने दाराकडे पाहिलं. हेमराज तेव्हा खाली चहा प्यायला गेला होता, तेवढं एक बरं होतं.

डॉक्टरणीने सगळे कागद पाहिले, खुर्ची जवळ ओढली आणि सावकाश सांगितलं. हा कुष्ठरोग नाही. अंगाला आतून बांधून ठेवणारं एक जाळं असतं, ते कडक होत चाललंय, म्हणून कातडी ताठ झाली. गारव्याने बोटांतलं रक्त आखडतं, म्हणून ती पांढरी पडतात. हा आजार कोणाला लागत नाही. कोणालाही नाही. औषधं मात्र चुकवायची नाहीत.

"लेहून द्या," नीलाबाई म्हणाली.

"देते. पण पुढचं ऐका. तुमच्या बोटांची जाणीव कमी झाली आहे. चटका लागला तरी वेळेवर कळणार नाही. चूल, तवा, गरम पाणी, जपून. थंडीत तर बोटांवर विश्वासच ठेवायचा नाही."

"हौ, हौ. ते लागत नाई म्हणून मोठ्या अक्षरात लेहा."

परत निघण्याआधी तिने हेमराजला तो कागद प्लास्टिकमध्ये पक्का करून घ्यायला लावला. दुसऱ्या दिवशी तो दारालगतच्या खिळ्याला टांगलेला होता, आणि धुरपताला बोलावून मुखरूकडून दोनदा वाचून घेतला गेला. धुरपता म्हणाली, मी तर आधीच म्हणत होती. नीलाबाईने तिच्याकडे असं पाहिलं की ती चहा न घेता गेली.

डॉक्टरणीच्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग अशा रीतीने गावभर झाला. दुसरा अर्धा नीलाबाईने घरातसुद्धा काढला नाही. इतकी वर्षं ह्या हातांनी पाणी पाहिलं, ते काय धाग्याच्या सांगण्यावरून विसरतील? तिने स्वतःची समजूत अशी घातली आणि ती तिला पटलीही.

उर्वशी रात्रभर रडली असावी. सकाळी तिचे डोळे सुजलेले होते. तिने खरोखर सासूच्या पायांना हात लावला आणि बाळ पुढे केलं.

"चुकलं माह्यं, आई. आता तुमीच घाला आंघोळ."

मागच्या अंगणात पाट मांडला. कुडाच्या पलीकडून धुरपता उगाच लाकडं इकडची तिकडे करत पाहत होती. नीलाबाईने पाय लांब केले. खुशबूला नडग्यांवर घेतलं, तेलाने चोळलं. बोटांना तेल नीट कळत नव्हतं, पण हातांना वाटा पाठ होत्या. पोर हुंकार देत होती. नीलाबाईचा ऊर भरून आला.

सुनेने चुलीवरून पाण्याने भरलेला गंज, मोठं पातेलं, उतरवून दिलं. नीलाबाईने त्यात विसण घातलं आणि हात बुडवला.

काहीच नाही. गार नाही, ऊन नाही. बोरिंगवरून पाणी आणताना बोटं पांढरीफटक झाली होती, ती तशीच होती. तिने हात काढला आणि पुन्हा बुडवला. मेलं पाणी काही बोलेना. तिला पाण्याचा राग आला, बोटांचा आला, पुठ्ठा धरणाऱ्या त्या डॉक्टरणीचा तर फारच आला. अंदाजाने तर बरोबर असणार. नेहमी इतकंच घालते विसण. तिने तांब्या भरला.

कुडाआडून धुरपता बघत होती. उर्वशी हसऱ्या डोळ्यांनी बघत होती. आता विचारलं तर खिळ्यावरचा कागद फुकट. परत तेरा वेळा भूक. नीलाबाईचा तांब्या बाळाच्या पाठीवर आला आणि थांबला. पोरीने मान वळवून तिची करंगळी धरली होती, आणि नीलाबाईला ते दिसलं म्हणून कळलं, बोटाला काही जाणवलं नव्हतं.

तिने तांब्या खाली ठेवला.

"उर्वशी, पाण्यात हात घाल."

"काऊन, आई?"

"घाल म्हणते ना!"

उर्वशीने हात घातला आणि किंचाळून बाहेर काढला. बोटं लाल झाली होती. धुरपताच्या हातातलं लाकूड तिथेच राहिलं.

"मले नाई समजत आता," नीलाबाई म्हणाली. धुरपताला ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणाली, कारण आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. "रोग तो नोहे, लागतबी नाई. पण हातं मेले माह्ये. डॉक्टरीण बोलली होती, मीच नाई सांगतलं तुमाले. घे तुह्यी लेक."

तिने मान फिरवली. नडग्यांवरचा भार उचलला जायची वाट पाहिली. तो उचलला गेला नाही.

उर्वशी गंजाशी बसली होती. तिने एक तांब्या विसण घातलं, हात बुडवला, आणखी अर्धा तांब्या घातला, परत बुडवला. पाणी असं इतक्यांदा पाहणारी बाई नीलाबाईने जन्मात पाहिली नव्हती आणि एरवी तिने तसं सुनावलंही असतं.

"आता घाला, आई," उर्वशी म्हणाली. "रोज मी पाह्यत जाईन, तुमी घालत जा."

नीलाबाईने तांब्या उचलला. पाणी बाळाच्या पाठीवरून ओघळून तिच्या नडग्यांवर आलं, आणि नडग्यांना ते समजलं. ऊन होतं, अगदी बरोबर होतं. तिला रडू फुटलं. ते लपवायला ती कुडाकडे तोंड करून ओरडली, "काय पाह्यतं वो धुरपता? घरी चूल नाई का तुह्या?"