उम्म सुलैमच्या घरची कॉफी

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या सगळ्या डोंगराला माहीत आहे. अकरा वर्षं मी शाळेच्या मुलींची गाडी चालवते. वाटेत कोणी आडवा आला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करूनच पुढं जाते. म्हणून रय्या जेव्हा म्हणाली, "शम्सा, तू मला समुद्राकाठी घेऊन चल," तेव्हा मी पहिलं हेच म्हटलं, "अगं बाई, मला नको सांगूस. दुसऱ्या कोणाला तरी सांग. मी काहीतरी बोलून बसेन."

"गाडी तुझ्याकडे आहे. आणि तिथं तू बोलायचंच नाहीस. तोंड शिवून बस."

रय्या माझी थोरली बहीण. तिचा मुलगा मुहन्ना दोन वर्षं तुरुंगात होता आणि त्याला मरणाची शिक्षा झाली होती. खाली बरका गावाला बैलांची झुंज बघायला गेला हा दिवटा. मैदानाबाहेर सुलैम नावाच्या पोराशी जुंपली. सुलैम म्हणाला, तुम्ही डोंगरातली माणसं, बकऱ्या राखायच्या सोडून बैल कशाला बघता? एवढंच. आमच्या शहाण्यानं गाडीतून जॅकचा दांडा काढला. सुलैम तिसऱ्या दिवशी इस्पितळात मेला.

सगळी कोर्टं करून झाली होती. आता मेलेल्याच्या वारसानं माफी दिली तरच मुहन्ना वाचणार होता, आणि वारस होती एकटी सुलैमची आई. नवरा नाही, दुसरं मूल नाही. आमच्या टोळीचे शेख चार वेळा माणसं घेऊन तिच्या दारात जाऊन आले, चारही वेळा दार बंद. पाचव्यांदा आतून आवाज आला, "ज्या बाईनं त्याला जन्म दिला, तिला काय पाय नाहीत?"

म्हणून आम्ही दोघी निघालो. पहाटेची फज्रची नमाज झाली आणि मी गाडी काढली. रय्याच्या मांडीवर गुलाबपाण्याची बाटली होती, घरच्या भट्टीतलं, धुराच्या वासाचं. घाटभर तिनं ती बाटली दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"कॉफीचं लक्षात आहे ना?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"मी काय काल जन्मले का गं?"

आमच्याकडे मागणं घेऊन आलेला माणूस कॉफी पीत नाही. कप घेतो आणि समोर जमिनीवर ठेवतो. मग घरच्या माणसानं विचारायचं, "का पीत नाहीस?" एकदा विचारलं की तो बांधला गेला. मग मागणं कितीही मोठं असो, "पी, तुझं काम झालं," असंच त्याला म्हणावं लागतं. या एका वाक्यावर खून माफ झालेत. पण मागणाऱ्यानं आपण होऊन तोंड उघडलं, तर तो पाहुणा राहत नाही, भिकारी होतो. आणि भिकाऱ्याला नाही म्हणायला कोणाला लाज वाटत नाही.

खाली मैदानात उतरलो तसं उकडायला लागलं. मोठ्या रस्त्यावर एका मशिदीपाशी रय्यानं गाडी थांबवायला लावली. ती बायकांच्या खोलीत गेली ती गेलीच. मी बाहेर घाम पुसत बसले, वाट अडवून उभ्या असलेल्या एका ट्रकवाल्याला दोन शिव्याही हासडल्या. रय्या आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते.

"एवढा वेळ काय मागत होतीस?"

"जास्त काही नाही. तिच्या तोंडून एकदा 'का' एवढं निघू दे, म्हटलं."

दहाच्या सुमाराला आम्ही पोचलो. समुद्राला लागूनच घर, भिंतीपलीकडे मशीद. मला वाटलं होतं, दारातच अंगावर येईल. पण सुलैमची आई, उम्म सुलैम, हसत बाहेर आली. ठेंगणी, चष्म्याची बाई. रय्याला जवळ घेतलं, दोन्ही गालांचे मुके घेतले.

"ये, उम्म मुहन्ना. बातमी काय?"

"सगळं खुशाल," रय्या म्हणाली, कारण तेच म्हणायचं असतं. "तुमची बातमी काय?"

"आमचंही सगळं खुशाल."

पोरगा कबरीत, पोरगा तुरुंगात, आणि या दोघी खुशाल. 

बैठकीत गालिचा, लोड, भिंतीवर घड्याळ आणि त्याच्याखाली सुलैमचा फोटो. फोटो बरोबर आमच्या समोर येईल असंच तिनं आम्हाला बसवलं. खजूर आणला, हलवा आणला. मग किटलीतून स्वतःच्या हातानं कॉफी ओतली. रय्यानं उजव्या हातानं कप घेतला आणि अलगद गालिच्यावर ठेवला. मीही ठेवला.

उम्म सुलैमनं कपांकडे पाहिलं. अगदी नीट पाहिलं. मग म्हणाली, "यंदा डाळिंबं कशी आहेत तुमच्याकडे?"

रय्या चाचरली. "बरी आहेत."

"सुलैमला फार आवडायची. आंबट असली तरी खायचा."

डाळिंबं झाली, सुरमई महागली ते झालं, शेजारच्या सुनेचं बाळंतपण झालं. कॉफी गार झाली. तिनं ती उचलून अंगणात फेकली, कप विसळले, नवी ओतली. रय्यानं पुन्हा कप खाली ठेवला. बाई पुन्हा बघून न बघितल्यासारखं करून सुरू झाली, गुडघे दुखतात, डॉक्टर हिंदुस्थानी आहे, चांगला आहे.

मी रय्याला कोपर मारलं. तिनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

तिसरी कॉफीही तशीच गेली. दुपारी तिनं खारवलेल्या मुशीचा भात वाढला. जेवलो. जेवण नाकारलं तर भांडण होतं, कॉफी नाकारली तर मागणं. रय्या घास नुसता ताटात फिरवत होती, तरी बाई वाढतच होती. "खा गं. आईनं खायला पाहिजे. मी नाही खात, पण माझं काय, मी आता कोणाची आई?"

रय्याचा हात ताटातच थांबला. मग तिनं तो घास खाल्ला.

जेवणानंतर चौथी कॉफी. चौथ्यांदा कप खाली. आणि मग त्या बाईनं जे केलं ते मी मेले तरी विसरणार नाही. ती आतल्या खोलीतून सुलैमची एक पांढरी दिशदाशी, पुरुषांचा पायघोळ अंगरखा, घेऊन आली, चुरगळलेली, आणि इस्त्री.

"उम्म मुहन्ना, एवढी इस्त्री करून देशील? ईदला घालायची म्हणून त्यानं शिवून घेतली होती. माझा हात थरथरतो. तुझ्या हाताला पोराच्या दिशदाशीची सवय असेल."

मी उठायला गेले. "द्या, मी करते."

"तू नाही," ती म्हणाली. "ती."

रय्या उठली. जमिनीवर चादर अंथरली, दिशदाशी पसरली, बाह्या सरळ केल्या. कापड सुकं होतं. उम्म सुलैमनं रय्याचीच गुलाबपाण्याची बाटली उघडली आणि कापडावर शिंपडली, बदाबदा, अर्धी बाटली. सगळ्या खोलीत आमच्या घराचा वास पसरला. रय्या गळ्यापासून टाचेपर्यंत इस्त्री फिरवत होती, एक चुणी राहू देत नव्हती. तिच्या नाकावरून पाणी टपकत होतं, आणि टपकलं की ती त्यावरून इस्त्री फिरवायची.

"कॉलरची मागची बाजू," बाई म्हणाली. "तिथं राहिलं बघ."

काय सांगू, माझ्या डोक्याच्या शिरा फुटायच्या बाकी होत्या. खरं सांगते, त्या बाईचं दुःख मला दिसत होतं. फोटोकडे बघताना तिचे ओठ हलायचे, तेही दिसत होतं. पण म्हणून असं? मारायचं तर मार की एकदा, असं सोलत कशाला बसतेस?

दिशदाशी झाली. तिनं ती घडी घालून मांडीवर घेतली. पाचवी कॉफी. सहावी. ती बोलायचीही थांबली होती. नुसती बसायची, कपांकडे बघायची, अधूनमधून वर घड्याळाकडे बघायची. कप गार झाले की उठायची, फेकायची, ओतायची. रय्या ताठ बसली होती, पाय बधिर झाले असणार, पण हलली नाही. तिचे डोळे त्या बाईच्या ओठांवर होते. एक शब्द. फक्त 'का.'

सातवा कप खाली ठेवला तेव्हा बाईनं नजर उचलली, रय्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आमची कॉफी कडू आहे का? डोंगरातल्या लोकांना आवडत नाही वाटतं."

आणि माझी जीभ सुटली.

"दिसत नाही का तुला?" मी ओरडले. "सकाळपासून सात वेळा कप ठेवलाय तिनं! का पीत नाही म्हणून विचारायला तुझी जीभ झडते का? पोराचा जीव मागायला आलीय ती! मेलेल्याची इस्त्री करून घेतलीस, आता अजून काय तिचं कातडं काढणार आहेस? दे ना माफी, देऊन टाक एकदाची!"

बोलून झालं. रय्याच्या तोंडून विचित्र आवाज निघाला, उचकी लागल्यासारखा. मी काय केलं ते मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं.

उम्म सुलैम मागे लोडाला टेकली. सगळा दिवस ताठ बसलेली बाई, आता टेकली. तिनं घड्याळाकडे बोट केलं.

"असरला, तिसऱ्या प्रहरच्या नमाजेला, दहा मिनिटं होती," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता, अगदी मऊ. "मी काल रात्री कुराणावर हात ठेवून ठरवलं होतं. मी काहीही केलं, काहीही करायला लावलं, तरी या बाईनं असरच्या अज़ानपर्यंत तोंड उघडलं नाही, तर विचारीन तिला. मग माफी देणार होते. दहा मिनिटं राहिली होती, उम्म मुहन्ना. तुझ्या बहिणीला दहा मिनिटं दम निघाला नाही."

"खोटं बोलतेय ही!" मी म्हटलं. "रय्ये, ऐकू नकोस. हिला द्यायचीच नव्हती. खोटं आहे सगळं!"

"असेल," उम्म सुलैम म्हणाली. "आता कोणाला कळणार?"

मी तिच्या पाया पडले. खरोखर पडले, तिच्या पायांचे मुके घेतले, जी मी शेखच्या बापासमोरही वाकले नव्हते. म्हटलं, मी वेडी आहे, मी बोलले, तिनं नाही तोंड उघडलं, तिचं मोजू नका. तिनं पाय ओढून घेतले नाहीत. मला तसंच पडू दिलं आणि रय्याला म्हणाली, "पी गं आता. कशाला गार करतेस?"

रय्यानं कप उचलला आणि प्यायली. पिऊन झाल्यावर कप दोनदा हलवला, बस्स झालं म्हणून, रीतीप्रमाणे. तेव्हा पलीकडे अज़ान सुरू झाली.

निघताना त्या बाईनं आमच्या ओढण्यांखाली सुगंधी ऊदाची धुरी धरली, हलव्याचा डबा बांधून दिला, दारापर्यंत पोचवायला आली. पुन्हा ये, म्हणाली. पाहुण्यांना म्हणतात तसं.

परतीच्या वाटेवर रय्या माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी बोलत होते. मी सगळं बोलले, माफी मागितली, त्या बाईला शिव्या दिल्या, परत माफी मागितली, म्हटलं उद्या मी एकटी जाऊन तिच्या उंबऱ्यावर बसते, शेखना पाठवू, मोठ्या काज़ींना भेटू. ती खिडकीतून बाहेर बघत होती. एकदा वाटलं तिनं मारावं मला. गाडी बाजूला घेऊन मी तिला म्हटलंसुद्धा, "मार गं." तिनं मान वळवली नाही.

डोंगराच्या पायथ्याशी, पोलिसांच्या नाक्यावर, रय्याचा फोन वाजला. गुरुवार होता. दर गुरुवारी संध्याकाळी तुरुंगातून मुहन्नाला दहा मिनिटं बोलू देतात, ते त्या गडबडीत मी विसरूनच गेले होते. रय्यानं नाव बघितलं. फोन माझ्या मांडीवर ठेवला.

"तूच बोल," ती म्हणाली. परतीच्या वाटेवरचं तिचं माझ्याशी पहिलं वाक्य. "तुला येतं ना बोलता."

मी फोन उचलला.

"खाला? खाला, तू आहेस होय? झालं का? गेला होतात ना?" आवाज धापा टाकत होता. बावीस वर्षांचा पोरगा, आवाज मात्र अजून कोवळा. "आई कुठाय? रडतेय का? खाला, एवढंच सांग, आईनं कॉफी घेतली का तिथं?"

रय्या माझ्याकडे बघत होती.

"घेतली," मी म्हटलं.

पलीकडे तो ओरडला. असा ओरडला की नाक्यावरच्या पोलिसानं मान वर केली. "घेतली! आईनं कॉफी घेतली!" तो तिथल्या कोणाकोणाला सांगत होता, कोणीतरी टाळ्या वाजवत होतं, कोणीतरी अल्लाहचं नाव घेत होतं. मग तो पुन्हा फोनवर आला, रडत, हसत. "खाला, आईला सांग, मी येईपर्यंत डाळिंबं उतरवू नका. मी उतरवीन. खालच्या वाफ्यातलीसुद्धा. सांगशील ना?"

"सांगते," मी म्हटलं. "सांगते, राजा." आणि तो दहा मिनिटं बोलत राहिला, आणि मी हो, हो म्हणत राहिले, आणि रय्या सगळं ऐकत होती.